मंडईशेजारची फोटोशाळा

वर्णभेदी राजवटीत दक्षिण आफ्रिकेतल्या सोळा वर्षांवरच्या प्रत्येक कृष्णवर्णीय माणसाला स्वतःचा एक फोटो सतत जवळ बाळगावा लागे. हा फोटो हौसेचा नसे, लग्नाकार्यातलाही नसे. १९५२ च्या कायद्यानं सक्तीच्या केलेल्या पासबुकात तो चिकटवलेला असे. सोबत मालकाची सही, कर भरल्याची नोंद आणि कुठे राहायची मुभा आहे याचे शिक्के. पोलिसानं भर रस्त्यात अडवलं आणि पुस्तिका घरी विसरली असली, तर रात्र कोठडीत जायची. हा पास १९८६ मध्ये रद्द झाला. तोवर देशातल्या बहुसंख्य प्रजेचे चेहरे सरकारदप्तरी जमा होते, पण त्या प्रजेनं स्वतःच्या हातात कॅमेरा घ्यायचा म्हटलं तर शिकायला जागा जवळपास नव्हती.

१९८९ मध्ये जोहान्सबर्गच्या न्यूटाउन भागात अशी एक जागा निघाली. कॅमेरा कसा धरायचा, रोल कसा धुवायचा, प्रिंट कशी काढायची हे तिथे शिकवलं जाणार होतं आणि प्रवेश देताना कातडीचा रंग विचारला जाणार नव्हता. मार्केट फोटो वर्कशॉप हे तिचं नाव. डेव्हिड गोल्डब्लाट या गोऱ्या छायाचित्रकारानं ती काढली. साडेतीन दशकांनंतर आज आफ्रिकेतल्या समकालीन छायाचित्रणाचा इतिहास या शाळेला वगळून लिहिता येत नाही. तिथे शिकलेल्यांची कामं लंडनच्या टेट मॉडर्नपासून व्हेनिसच्या बिनालेपर्यंत पोहोचली आहेत. ही ओळख त्या शाळेची, ती चालवणाऱ्या माणसांची आणि त्यांनी घडवलेल्या नजरेची आहे.

न्यूटाउनपासूनच सुरुवात करायला हवी, कारण भारतीय वाचकाला ही जागा वाटते तितकी परकी नाही. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर इथे वीटभट्ट्या आणि गोरगरिबांच्या वस्त्या होत्या. शेजारीच हिंदी लोकांची ‘कुली लोकेशन’ होती. १९०४ मध्ये तिथे प्लेग आला. तरुण बॅरिस्टर गांधी रुग्णांच्या शुश्रूषेला धावले आणि नगरपालिकेनं रहिवाशांना हलवून वस्ती जाळून टाकली. त्यानंतर जे नवं व्यापारी उपनगर आखलं गेलं, ते न्यूटाउन. चारच वर्षांनी, १६ ऑगस्ट १९०८ रोजी, इथल्या हमीदिया मशिदीच्या आवारात हिंदी लोकांनी गांधींच्या नेतृत्वाखाली आपले नोंदणी-दाखले एका भल्यामोठ्या कढईत टाकून पेटवले. त्या दाखल्यांची संख्या दोन हजारांच्या वर होती. ओळखीच्या कागदांची पहिली होळी झाली ती या परिसरात.

पुढे १९१३ मध्ये इथे फळा-भाजीची मोठी मंडई बांधली गेली. त्यातल्या एका भागाला लोक ‘इंडियन फ्रूट मार्केट’ म्हणत. १९७० च्या दशकात बाजार दुसरीकडे हलवला आणि उंच छताची ती इमारत ओस पडली. बार्नी सायमन आणि मॅनी मॅनिम या दोन नाटकवाल्यांनी ती ताब्यात घेऊन तिथे मार्केट थिएटर उभं केलं. १६ जून १९७६ रोजी सोवेटोतल्या शाळकरी मुलांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. त्यानंतर पाचच दिवसांनी, २१ जूनला, चेकॉव्हच्या ‘द सीगल’ नाटकानं या थिएटरचा पडदा वर गेला. काळे आणि गोरे नट एका रंगमंचावर आणि काळे-गोरे प्रेक्षक एका रांगेत, ही गोष्ट त्या देशात तेव्हा जवळजवळ कायदेभंगच होती. ‘वोझा अल्बर्ट!’ आणि ‘साराफिना!’ ही जगभर गाजलेली नाटकं इथलीच. फोटोशाळेला आसरा मिळाला तो या थिएटरच्या पंखाखाली. नावातला ‘मार्केट’ हा शब्दही तिथूनच आला, आणि आजही ती मार्केट थिएटर फाउंडेशनचाच एक विभाग आहे.

शाळा निघण्याआधी काळे छायाचित्रकार नव्हते असा समज मात्र कुणी करून घेऊ नये. १९५० च्या दशकात ‘ड्रम’ मासिकानं एक अख्खी पिढी तयार केली. पीटर मगुबाने तिथे लागले ते ड्रायव्हर म्हणून, आणि पुढे त्यांच्या हाती कॅमेरा आला. एका खटल्याच्या वेळी फोटोंना बंदी होती, तेव्हा त्यांनी पाव आतून पोखरला, त्यात लायका कॅमेरा दडवला आणि पाव खाण्याचा बहाणा करत फोटो काढले. पुढे त्यांनी ५८६ दिवस एकांतकोठडी भोगली. अर्नेस्ट कोल यांनी खाणी, शाळा, दवाखाने आणि पासची धरपकड टिपली, निगेटिव्ह घेऊन १९६६ मध्ये देश सोडला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कमध्ये ‘हाउस ऑफ बाँडेज’ हे पुस्तक काढलं. त्यावर मायदेशात बंदी आली. कोल परत येऊ शकले नाहीत. मंडेला तुरुंगातून सुटले त्याच फेब्रुवारी १९९० मध्ये ते न्यूयॉर्कमध्ये वारले.

ही माणसं थोर होती, पण घडली ती एकेकटी. कुणी संपादकाच्या मर्जीनं, कुणी पोस्टानं अभ्यासक्रम मागवून, कुणी मालकाच्या डार्करूममध्ये झाडू मारता मारता. १९५३ च्या बांटू शिक्षण कायद्यानं काळ्या मुलांना मजुरीपुरतंच शिकवायचं असं ठरवून टाकलं होतं. त्या शिक्षणात चित्रकलेला जागा नव्हती, तर छायाचित्रणाला कुठून असणार? १९८२ मध्ये स्थापन झालेल्या ‘आफ्रापिक्स’ या छायाचित्रकारांच्या संघानं कार्यशाळा घ्यायला सुरुवात केली. त्याच्या संस्थापकांत डर्बनचे ओमर बादशा होते, गुजराती वंशाचे. तरी आफ्रापिक्सचा मुख्य उद्योग लढ्याचे फोटो काढून जगभर पोहोचवणं हाच होता. नेमानं चालणारी, येईल त्याला शिकवणारी शाळा ही वेगळीच गरज होती.

ती ओळखणारा माणूस चळवळीतला नव्हता, हे या कहाणीतलं विशेष.

डेव्हिड गोल्डब्लाट यांचा जन्म १९३० चा, रँडफाँटेन या सोन्याच्या खाणींच्या गावातला. लिथुएनियातून आलेल्या ज्यू कुटुंबाचं तिथे कपड्यांचं दुकान होतं. वडील गेल्यावर १९६३ मध्ये त्यांनी दुकान विकलं आणि पूर्णवेळ कॅमेरा गळ्यात अडकवला. त्यांच्या फोटोंत दंगल नाही, अश्रुधूर नाही, मूठ आवळलेला जमाव नाही. घटना टिपण्यात आपल्याला रस नाही, घटना ज्यातून जन्मतात ती परिस्थिती पाहायची आहे, असं ते सांगत. त्यामुळे त्यांनी बंद पडत चाललेल्या खाणी टिपल्या. ते पुस्तक, ‘ऑन द माइन्स’, १९७३ मध्ये नादिन गॉर्डिमर यांच्या लेखनासह आलं. बॉक्सबर्ग या गोऱ्यांच्या मध्यमवर्गी गावातली हिरवळ कापणारी, नाच शिकणारी, चर्चला जाणारी माणसंही त्यांनी टिपली, ज्यांच्या नीटनेटक्या आयुष्याखाली सगळी व्यवस्था दडलेली होती. कॅमेरा हे लढ्याचं हत्यार आहे असं मानायला त्यांनी नकार दिला आणि आफ्रापिक्समध्ये ते कधी गेले नाहीत. चळवळीतल्या काहींना हा अलिप्तपणा खटके.

अलिप्त म्हणावं तर त्यांचं १९८९ चं पुस्तक पाहावं. ‘द ट्रान्सपोर्टेड ऑफ क्वान्देबेले’. क्वान्देबेले म्हणजे सरकारनं काळ्या लोकांसाठी कागदावर आखलेल्या ‘होमलँड’पैकी एक. काम प्रिटोरियात आणि राहायचं तिथून शे-सव्वाशे किलोमीटर लांब, कारण शहरात राहायला मनाई. पहाटे पावणेतीनला पहिली बस थांब्यावर येते. काळोखात हेडलाइटच्या झोतात माणसं रांगेत उभी. पुढच्या फोटोंत तीच माणसं बसमध्ये कशीबशी झोपलेली. कुणाचं डोकं समोरच्या दांड्यावर, कुणी उभ्याउभ्याच मान टाकलेली, कुणी ब्लँकेट डोक्यावरून ओढून घेतलेलं. काहींचे दिवसाचे आठ-आठ तास जाण्यायेण्यात जायचे. फोटोखालच्या ओळीत वेळ, गाव आणि मार्ग कोरडेपणानं नोंदवलेला. या पुस्तकात एकही घोषणा नाही, आणि वर्णभेद म्हणजे काय हे समजावायला दुसरं काही लागतही नाही.

पुस्तक आणि शाळा एकाच वर्षी आली हा योगायोग असेल, पण दोन्हींमागचा विचार एकच दिसतो. गोल्डब्लाट आपला देश आतून पाहत होते, पण कितीही झालं तरी गोऱ्या माणसाच्या जागेवरून. क्वान्देबेलेच्या बसमधून उतरल्यावर माणूस घरी जाऊन काय करतो, कुणाशी बोलतो, भिंतीवर काय लावतो, हे त्या घरातल्या कुणीतरी टिपायला हवं होतं. ते टिपायचं तर कारागिरी यायला हवी. म्हणून शाळा. तिचं उद्दिष्ट दुहेरी ठरलं: छायाचित्रणाचं कौशल्य शिकवायचं आणि त्यासोबत चित्र वाचायलाही शिकवायचं. वर्तमानपत्रातला फोटो कुणी काढला, कुठे उभं राहून काढला, काय चौकटीबाहेर ठेवलं, हे विचारण्याची सवय लावायची. वर्णभेदानं ज्यांना शिक्षणाबाहेर ठेवलं त्यांना पहिली संधी द्यायची.

अभ्यासक्रम आजही त्याच पायऱ्यांनी चढतो. आधी काही आठवड्यांचा पायाभूत वर्ग, त्यानंतर मधला टप्पा, पुढे प्रगत अभ्यासक्रम, आणि ज्यांना त्यातच शिरायचं आहे त्यांच्यासाठी वृत्त-छायाचित्रण व माहितीपर छायाचित्रणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम. सुरुवातीची सगळी वर्षं फिल्मची. रोल मोजून मिळायचा, म्हणून बटण दाबण्याआधी विचार करावा लागायचा. धुतलेल्या रोलची कॉन्टॅक्ट शीट, म्हणजे सगळे फोटो छोट्या आकारात दाखवणारा कागद, टेबलावर पडली की त्यातला कुठला फोटो टिकतो आणि कुठला टाकायचा यावर खल. छायाचित्रकार घडतो तो बहुतेक या टेबलापाशी, कारण फोटो काढताना जे सुटतं ते निवडताना उघडं पडतं. दुसऱ्यानं आपली शीट वाचली की आपण कुणापासून चार हात लांब राहिलो, कुणाची परवानगी विचारली नाही, कुणाचं फक्त दुःखच पाहिलं, सगळं समोर येतं.

संस्थापक मोठा असला की संस्था त्याच्या सावलीत खुरटते, याचे दाखले आपल्याकडे पैशाला पासरी मिळतील. इथे तसं झालं नाही. गोल्डब्लाट शेवटपर्यंत शाळेशी जोडलेले राहिले, विद्यार्थ्यांची कामं पाहत राहिले, पण कारभार इतरांनी चालवला, आणि तोही वेगवेगळ्या मुशीतल्या माणसांनी. १९९० च्या दशकाच्या अखेरीस संचालकपदी सेड्रिक नन होते. ते थेट आफ्रापिक्सचे, म्हणजे गोल्डब्लाट ज्या वाटेनं गेले नाहीत त्या वाटेचे. लढ्याच्या काळात खेड्यापाड्यांत हिंडून त्यांनी फोटो काढले होते. ज्या दोन विचारांत एकेकाळी वाद झडले, ते दोन्ही एका छताखाली आले.

२००२ पासून २०१५ पर्यंत जॉन फ्लीटवुड यांनी धुरा सांभाळली. शाळेला संस्थेचं रूप आलं ते या काळात. त्यांच्या कारकिर्दीत, २००५ मध्ये, शाळेनं स्वतःची गॅलरी उघडली. वरवर साधी वाटणारी ही गोष्ट निर्णायक ठरली. तोवर शिकून बाहेर पडलेल्या तरुणाला आपलं काम भिंतीवर लावायचं तर श्रीमंत उपनगरातल्या गॅलऱ्यांचे उंबरे झिजवावे लागत. आता न्यूटाउनमध्येच, टॅक्सी स्टँडपासून चालत जाता येईल अशा जागी, भिंत मिळाली. जोडीला आल्या शिष्यवृत्त्या आणि मार्गदर्शन योजना: टिअर्नी फेलोशिप, एडवर्ड रुइझ मेंटॉरशिप आणि एचआयव्हीबाधितांचं आयुष्य आस्थेनं टिपणाऱ्या जिझेल वुल्फसन यांच्या नावाची मेंटॉरशिप. अभ्यासक्रम संपला की विद्यार्थी वाऱ्यावर, हा कलाशिक्षणातला नेहमीचा खड्डा त्यांनी बुजवला. निवडलेल्याला एखाद्या जाणत्या छायाचित्रकाराचा हात धरून एकाच विषयावर काम करता येतं आणि अखेरीस त्याचं प्रदर्शन लागतं.

फ्लीटवुड यांच्यानंतर लेखेथो मकोला आले. ते मूळचे कलाशाखेचे, पुढे वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात चित्रपटकला शिकलेले. २०२० च्या वर्ल्ड प्रेस फोटो स्पर्धेत परीक्षक मंडळाचे ते अध्यक्ष होते. जगाच्या बातम्यांतली आफ्रिका कोण दाखवतं हा प्रश्न जिथे ठरतो, तिथे न्यूटाउनच्या शाळेचा प्रमुख मुख्य खुर्चीत बसला होता. पुढे ते प्रिटोरिया विद्यापीठाच्या जॅव्हेट कला केंद्राचे प्रमुख झाले. मकोला शाळेत असतानाच, २०१८ मध्ये, शाळेला नेदरलँड्सचा प्रिन्स क्लाउस पुरस्कार मिळाला. त्याच वर्षीच्या जूनमध्ये गोल्डब्लाट वारले.

शाळा आज लिलियन न्गोयी रस्त्यावर आहे. या रस्त्याचं जुनं नाव ब्री स्ट्रीट. लिलियन न्गोयी म्हणजे ९ ऑगस्ट १९५६ रोजी पासविरोधात प्रिटोरियाच्या सरकारी कचेरीवर वीस हजार बायकांचा मोर्चा नेणाऱ्यांपैकी एक.

पण संस्थेची खरी परीक्षा तिच्या भिंतींवर काय लागलं यावर होते.

साबेलो म्लांगेनी १९८० साली द्रीफाँटेन या खेड्यात जन्मले, २००१ मध्ये जोहान्सबर्गला आले आणि शाळेतून २००४ मध्ये बाहेर पडले. त्यांची ‘इन्व्हिजिबल विमेन’ ही २००६ ची मालिका रात्री शहर झाडणाऱ्या बायकांची आहे. दुकानं बंद झाली, फेरीवाले गेले की या बायका उतरतात. कृष्णधवल फोटोंत रस्त्यावर कागदाचे बोळे, पिशव्या, भाजीचा पालापाचोळा पसरलेला. धूळ दिव्याच्या उजेडात तरंगतेय आणि त्यातून झाडू मारणारी आकृती अर्धवट पुसल्यासारखी पुढे सरकते. म्लांगेनी कित्येक महिने रात्री या बायकांच्या सोबतीला जात राहिले, त्यामुळे फोटोंत चोरून पाहिल्याची भावना नाही. सकाळी ऑफिसला येणाऱ्याला रस्ता स्वच्छ दिसतो आणि तो कुणी केला हे दिसत नाही. मालिकेच्या नावात तेवढंच म्हटलं आहे.

झनेले मुहोली यांचं शिक्षणही इथलंच. २००४ मध्ये जोहान्सबर्ग आर्ट गॅलरीत त्यांचं पहिलं एकल प्रदर्शन लागलं. समलिंगी आणि पारलिंगी कृष्णवर्णीयांची व्यक्तिचित्रं जमवण्याचं काम, ‘फेसेस अँड फेजेस’, २००६ मध्ये सुरू झालं आणि पुढे शेकड्यांवर गेलं. प्रत्येक चित्रातली व्यक्ती थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे, पाहते. खाली नाव, ठिकाण, साल. नव्या राज्यघटनेनं समलिंगी नागरिकांना समान हक्क दिले होते, पण वस्त्यांमध्ये समलिंगी बायकांवर बलात्कार आणि खून होतच होते. २००९ मध्ये जोहान्सबर्गमधल्या कॉन्स्टिट्यूशन हिलवरच्या एका प्रदर्शनाच्या उद्घाटनाला आलेल्या कला व संस्कृती मंत्री लुलू झिंग्वाना तिथली मुहोली यांची चित्रं पाहून निघून गेल्या आणि ती अनैतिक असल्याचं त्यांनी म्हटलं. २०१२ मध्ये मुहोली यांच्या घरी चोरी झाली आणि काही वर्षांचं काम साठवलेल्या हार्ड डिस्क गेल्या. तरी काम थांबलं नाही. २०२० मध्ये टेट मॉडर्ननं त्यांचं मोठं प्रदर्शन भरवलं.

लेबोहांग खान्ये यांचा कॅमेरा घराच्या आत वळला. त्या १९९० सालच्या, कटलेहोंग वस्तीतल्या. २०१० मध्ये त्यांची आई गेली. आईच्या मागे राहिलेले अल्बम आणि कपाटातले कपडे घेऊन टिअर्नी फेलोशिपच्या काळात त्यांनी काम सुरू केलं. जुन्या फोटोतला आईचा फ्रॉक अंगावर चढवायचा, शक्यतो त्याच जागी, त्याच ढबीत उभं राहायचं, फोटो काढायचा आणि मग दोन्ही फोटो एकमेकांवर बसवायचे. परिणाम असा की तरुण आई ठसठशीत उभी आहे आणि तिच्या शेजारी तशाच हसण्यानं, तशाच कमरेवरच्या हातानं लेकीची धूसर आकृती. २०१३ ची ही मालिका, ‘के लेफा लाका’, पाहताना आई-लेकीत कोण कुणाचं भूत आहे हे सांगता येत नाही. अशा फोटोला ना बातमीमूल्य, ना चळवळीचं लेबल. पण वर्णभेदानं कुटुंबं कुठून कुठे फेकली, आडनावांची स्पेलिंगं कशी बदलली, कोण कुठल्या घरी वाढलं, हे सगळं शोधत त्या याच वाटेनं गेल्या. २०२२ मध्ये व्हेनिस बिनालेत त्यांचं काम देशाच्या दालनात होतं. २०२४ मध्ये त्यांना डॉइचे ब्योर्स हा छायाचित्रणातला मानाचा पुरस्कार मिळाला.

आणि थाबिसो सेखाला. जन्म १९८१, मृत्यू २०१४. जेमतेम तेहतीस वर्षांचं आयुष्य. त्यांची ‘होमलँड’ ही मालिका याच शाळेच्या फेलोशिपमधून आकाराला आली आणि तिचा एक मोठा भाग क्वान्देबेलेत काढलेला आहे. तीच जागा, जिथली माणसं गोल्डब्लाट यांनी पहाटेच्या बसमध्ये टिपली होती. सेखाला यांचे फोटो रंगीत, दिवसाच्या उजेडातले, शांत. शाळेच्या गणवेशातली मुलं, रिकामा रस्ता, जुनी सरकारी इमारत, कुंपणाशी उभी तरुण मुलगी. कागदावरून होमलँड पुसलं गेलं, माणसं मात्र तिथेच राहिली, आणि आता तेच त्यांचं घर आहे. सरकारनं लादलेली जागा कुणाची तरी बालपणाची जागा असू शकते, तिच्याविषयी जिव्हाळा वाटू शकतो, ही अवघड गोष्ट बाहेरच्याला दिसणं कठीण होतं. गोल्डब्लाट यांच्या फोटोंत न मावलेली बाजू त्यांच्याच शाळेतल्या मुलानं पुरी केली. गुरूनं काढलेली शाळा गुरूच्याच कामाला उत्तर देऊ शकली, यापेक्षा मोठं यश शिक्षणसंस्थेला काय हवं?

शाळेचा वंशवेल न्यूटाउनच्या बाहेरही गेला. जोहान्सबर्गच्या आग्नेयेला थोकोझा ही वस्ती आहे. १९९४ च्या निवडणुकीपूर्वी तिथे यादवी पेटली होती. १८ एप्रिल १९९४ रोजी ‘द स्टार’ या दैनिकाचे प्रमुख छायाचित्रकार केन ऊस्टरब्रुक तिथेच गोळी लागून ठार झाले. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्या जोडी बीबर यांनी सुरुवातीचे धडे मार्केट फोटो वर्कशॉपमध्ये गिरवले होते. नाक कापलेल्या अफगाण तरुणीचं त्यांनी काढलेलं व्यक्तिचित्र २०१० चं वर्ल्ड प्रेस फोटो ठरलं. त्याच थोकोझात २०१२ मध्ये शाळकरी मुलांसाठी ‘ऑफ सोल अँड जॉय’ हा छायाचित्रणाचा उपक्रम सुरू झाला. जाबुलानी ध्लामिनी यांनी एडवर्ड रुइझ मेंटॉरशिपमधून, एकट्यानं मुलं वाढवणाऱ्या आयांवर ‘उमामा’ ही मालिका केली होती. या उपक्रमाची सूत्रं पुढे त्यांनी सांभाळली. लिंडोकुहले सोबेक्वा हा तिथलाच विद्यार्थी. हरवलेल्या बहिणीच्या शोधाचं त्याचं पुस्तक गाजलं, मॅग्नम या छायाचित्रकारांच्या नामांकित संस्थेनं त्याला आपल्यात घेतलं आणि २०२५ चा डॉइचे ब्योर्स पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे लागोपाठ दोन वर्षं हा पुरस्कार जोहान्सबर्गच्या एकाच बाजूच्या वस्त्यांमध्ये वाढलेल्या दोघांकडे गेला. प्रतिभा योगायोगानं जन्मत असेल, पण ती एकाच भागात सलग फुलते तेव्हा मागे कुणीतरी शिकवत बसलेलं असतं.

याचा अर्थ सगळं आलबेल आहे असा नाही. कॅमेरा महाग आहे, वृत्तपत्रांनी छायाचित्रकारांच्या नोकऱ्या कापल्या आहेत, आणि गॅलरीच्या बाजारात फोटोला किंमत मिळते तेव्हा तो विकत घेणारा बहुधा ज्या वस्तीतला फोटो आहे तिथला नसतो. संग्रह कुठे राहावा हा प्रश्नही सुटलेला नाही. केपटाउन विद्यापीठात २०१६ मध्ये विद्यार्थी आंदोलकांनी चित्रं जाळली आणि त्यानंतर विद्यापीठानं अनेक कलाकृती भिंतींवरून उतरवल्या किंवा झाकल्या. तेव्हा गोल्डब्लाट यांनी त्या विद्यापीठात ठेवलेला आपला संग्रह काढून अमेरिकेच्या येल विद्यापीठाला दिला. हा निर्णय त्यांच्या अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या आग्रहाला धरून होता. पण आयुष्यभर आपल्याच देशातल्या माणसांसमोर कॅमेरा धरणाऱ्याच्या निगेटिव्ह पाहायला त्या माणसांच्या नातवंडांना समुद्र ओलांडावा लागणार, ही बोचही खरी. त्यावर त्या देशात कडाडून वाद झाला, आणि दोन्ही बाजूंचं म्हणणं ऐकण्यासारखं होतं.

तरीही जमाखर्च मांडला तर पारडं एका बाजूला झुकतंच. फोटो शिकवणाऱ्या संस्था जगात पुष्कळ आहेत. त्यातल्या बहुतेक एकतर कारागीर तयार करतात किंवा कलावंत. न्यूटाउनच्या या शाळेनं ही विभागणी मानली नाही. रस्ता झाडणाऱ्या बायका, आईचे कपडे, सरकारनं ओसाड माळावर वसवलेलं गाव, असे विषय तिथल्या मुलांना कुणी नेमून दिले नव्हते. आपल्या आसपास जे आहे ते पाहण्याजोगं आहे, एवढा भरवसा आणि ते दाखवण्याचं कसब त्यांना मिळालं. नेतृत्व करणाऱ्यांचं श्रेय असं की त्यांनी हा भरवसा आपल्या शैलीच्या साच्यात ओतला नाही. गोल्डब्लाट यांची नक्कल करणारा एकही मोठा विद्यार्थी या शाळेनं दिला नाही, ही शाळेच्या बाजूनं सर्वांत बोलकी साक्ष आहे.

वाचकाला एक विनंती. या छायाचित्रकारांच्या कामाकडे वळताना आधी ‘द ट्रान्सपोर्टेड ऑफ क्वान्देबेले’ पाहावं आणि त्याला लागूनच सेखाला यांचं ‘होमलँड’. फोटोखालची ओळ वाचल्याशिवाय पान उलटू नये. गावाचं नाव, तारीख, माणसाचं नाव तिथे मुद्दाम दिलेलं असतं, आणि या शाळेच्या परंपरेत ती ओळ फोटोइतकीच महत्त्वाची मानली जाते.